थोरलीची आश्विनी

“मॅडम, मी कृतघ्न आहे का हो?”

खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. पितृपक्षाचे दिवस होते. आदल्या दिवशी त्यांच्याकडे वडिलांचं पान होतं. दोघं धाकटे भाऊ आले, तर्पण झालं, जेवले, उरलेल्या खिरीचे डबे घेऊन गेले. सगळं आवरून रात्री अकराला त्या कृतज्ञतेची वही उघडून बसल्या, तर एक ओळ सुचेना.

त्यांना मी इथे ताईच म्हणणार आहे, कारण माहेरी, सासरी, पतसंस्थेच्या काउंटरवर, सोसायटीत, सगळीकडे त्या ताईच आहेत. (त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल ते तपशील बदललेत.) वय 47. वडील गेले तेव्हा 19 वर्षांच्या, पाठीवर तीन भावंडं. कॉलेज सोडून नोकरी धरली, तिघांना मार्गी लावलं, मग स्वतःचं लग्न. आता नवरा समजूतदार, मुलगा बंगळुरूला, घराचे हप्ते फिटलेले. आई चार वर्षांपासून त्यांच्याचकडे. तिची आठवण हळूहळू विझत चाललीय.

“सगळं छान आहे. तरी आतून काही येत नाही. लोकांना दोन वेळचं मिळत नाही आणि मी बघा!”

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे फार येतो. योगाच्या क्लासात, मोबाइलवर, सगळीकडे सांगतात की रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा. लिहूनही मन हललं नाही की माणसाला वाटतं, आपल्यातच काही खोट आहे.

अशा वेळी मी आधी झोप, भूक, रडू यांची चौकशी करते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच गोडी वाटत नसेल, उठवत नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर ते वहीचं काम नाही. त्याला नैराश्याचे उपचार लागतात. ताईंचं तसं नव्हतं. तरी रक्त तपासून घ्या म्हटलं. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन कमी. चाळिशीपुढची बाई थकली की आपण आधी तिच्या मनाला नावं ठेवतो, रक्ताकडे नंतर बघतो.

वहीचा उपाय खोटा नाही. एमन्स आणि मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांनी कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिल्या ते कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी दिसले. पण मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोजचा नेम झाला की त्याची उजळणी होते, हे आपल्याला पाढे म्हणताना कधीच कळलंय.

ताईंची अडचण मात्र वेगळीच होती. घटस्थापनेच्या आठवड्यात त्या वही घेऊन आल्या. मी मोठ्यानं वाचत गेले. ‘आईनं आज नीट जेवण केलं.’ ‘धाकट्याचं कर्ज मंजूर झालं.’ ‘सासूबाईंची शुगर आटोक्यात.’ मी विचारलं, आईला भरवलं कोणी? कर्जाची कागदपत्रं कोणी जमवली? सासूबाईंचं पथ्य कोण सांभाळतं?

“मीच की.”

“मग ताई, हे तर तुमच्या कामाचं रजिस्टर आहे.”

दोन महिन्यांच्या वहीत कोणी त्यांच्यासाठी काही केल्याची एकही नोंद नव्हती. कोणी करत नव्हतं असंही नाही. नवऱ्यानं चहा केला तर त्या ओटा पुसायला धावत. कोणी भेट दिली तर आठ दिवसांत तेवढ्याच किमतीची परतभेट घरपोच. ‘आभार’ या शब्दातच भार आहे, आणि ताईंना तो क्षणभरही अंगावर ठेवायचा नसे. उतराई व्हायची इतकी घाई, की मिळालेलं हातात टिकतच नव्हतं.

इथे मी एक चूक केली. बोलता बोलता त्या म्हणाल्या की अकरावीपासूनच्या तीन मैत्रिणी कोजागरीला भंडारदऱ्याला निघाल्यात, मागे लागल्यात, पण जमणार नाही. मी लगेच म्हटलं, “जाऊन या हो, हवापालट होईल.” त्यांनी मान डोलावली आणि पुढची भेट रद्द केली. आनंदी होणं हे आणखी एक काम मीच त्यांच्या यादीत घातलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या. माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, सोबत घरच्या चिवड्याची पुडी. (उतराई!) या वेळी मी सल्ला गिळला आणि फक्त विचारलं, न जमण्यासारखं काय आहे?

खूप वेळ त्या आईच्या गोळ्यांबद्दल बोलत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “कोजागरीला आई माझी आश्विनी करायची.”

आश्विन पौर्णिमेला थोरल्या अपत्याला ओवाळायची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. थोरला म्हणजे एरवी समजून घेणारा, मागे राहणारा. त्याच्या वाट्याचा वर्षातला हा एक दिवस. आईला आठवेनासं झालं तशी ताईंची आश्विनी थांबली. चार वर्षं. भाऊबीजेला मात्र त्या दोघा भावांना न चुकता ओवाळत होत्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि सांगायचं तरी कसं? मला ओवाळा, असं कोणी म्हणतं का?

त्या दिवशी त्या प्रथमच भावांवर चिडल्या. खिरीच्या डब्यांवरून सुरुवात झाली आणि 28 वर्षांपर्यंत मागे गेली. रागावून झाल्यावर ओशाळल्या. मी म्हटलं, तुमची कृतज्ञता हरवलेली नाही, तिच्या दारात हा राग बसलाय. त्याला आधी वाट द्या.

धाकटा दोन दिवस आईपाशी राहील, असं ठरलं. ताईंनी त्याच्यासाठी चार पानी सूचना लिहिल्या होत्या. माझ्यासमोर त्याचं अर्धं पान झालं. भांडून झालं, हे सांगायला हवं.

पुढचं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याचं शेंडी गाव. धरणाचं पाणी काठोकाठ, उतारावर सोनकीची पिवळी फुलं ओसरत आलेली, खाचरांत भात पिकून वाकलेला. जाताना वाटेतच धाकट्याचे सात फोन: भात किती मऊ, चष्मा कुठे. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाशी पोचल्या आणि रेंज गेली. तास-दीड तास त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. नंतर कळलं, धाकट्यानं रात्रीची गोळी सकाळी दिली आणि आई दुपारभर झोपली. डॉक्टरांना फोनही त्यानंच केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बारी गावातून कळसूबाई. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, वाटेत लोखंडी शिड्या. पहिल्या शिडीपाशीच ताईंचे गुडघे बोलायला लागले. दोघी वर गेल्या, तिसरी थांबली.

“अगं तू जा, माझ्यासाठी नको थांबूस.”

“तुझ्यासाठी कोण थांबलंय? माझाच दम गेलाय.”

दोघी कातळावर बसून भाजलेले दाणे खात राहिल्या. हे सांगताना ताई हसल्या. “तिचा दम गेला नव्हता हो. पण मी वाद नाही घातला.”

माझ्या लेखी त्या सहलीतली सर्वांत मोठी चढण हीच.

मधली रात्र कोजागरीची. अंगणात चुलीवर दूध आटत होतं, चारोळी-केशर मैत्रिणींनी आणलं होतं. गप्पांत आश्विनीचा विषय निघाला, ताईंनीच काढला. घरमालकीण दुधाचं पातेलं उतरवता उतरवता म्हणाली, “आमच्यातबी वोवाळत्यात थोरल्याला,” आणि आत जाऊन निरांजन घेऊन आली. पाट नव्हता, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तिघींनी ओवाळलं, मग त्या बाईनंही.

“हात कुठे ठेवायचे तेच कळेना मला,” ताई म्हणाल्या. “नेहमी ताट असतं ना हातात.”

वहीत त्या रात्रीची नोंद आहे, एकच: ‘खुर्चीत बसले.’

दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या. मोठ्याला सांगून टाकलं होतं, दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आई तुझ्याकडे. “किती दिवस?” त्यानं विचारलं. “दर म्हणजे दर,” असं म्हणून फोन ठेवला. तो आईला नेतो. येताना एकदा तिचा स्वेटर विसरून आला.

“पण मॅडम, त्याचे आभार मानावेसे अजून वाटत नाहीत.”

“मग मानू नका.”

त्यांनी पर्स आवरली. या वेळी चिवडा आणला नव्हता.