बारावीनंतर घोड्यांच्या क्षेत्रात काम करायचं आहे: जॉकी, पशुवैद्य की आणखी काही?

तुमची बारावी झाली आहे, वजन ६२ किलो आहे, पुण्याजवळ राहता आणि घोड्यांत राहून पोट भरेल असं काम हवं आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. माझं उत्तर नालबंदी, म्हणजे घोड्यांचे खूर छाटून त्यांना नाल ठोकण्याचं काम. कारणं सांगतो.

जॉकीचा विचार सोडा. शर्यतीच्या आधी आणि नंतर जॉकीला खोगिरासकट काट्यावर उभं करतात, आणि हँडिकॅपमध्ये, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे वजन ठरवलेल्या शर्यतीत, खालच्या घोड्यांवर ५० किलोच्या आसपासच वजन असतं. उपाशी राहून आणि घाम गाळून ६२ वरून तिथे उतरणं म्हणजे शरीराची नासाडी.

पशुवैद्य होणं उत्तम, पण त्याला जीवशास्त्र, नीट परीक्षा आणि साडेपाच वर्षं लागतात. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे सरकारी महाविद्यालयं आहेत. शिकवण्याचा भर गाई-म्हशींवर असतो, त्यामुळे घोड्यावर हात बसवायचा तर सुट्ट्या आणि इंटर्नशिप स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते तिथे, काढावी लागेल. पदवीनंतर सैन्यातले घोडे आणि इतर जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये अधिकारी होता येतं. नीट परीक्षा दिलेली असेल तर हा रस्ता जरूर धरा.

नाहीतर नालबंदी शिका. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून दर ४ ते ६ आठवड्यांनी नाल काढून खूर छाटावाच लागतो. रेसच्या घोड्यांना त्याहूनही लवकर. मालक हे काम पुढे ढकलू शकत नाही.

काम दिसतं सोपं. जुनी नाल काढताना खिळ्यांची वळवलेली टोकं आधी सरळ करायची, नाहीतर खिळा बाहेर येताना खुराची भिंत फाडून येतो. मग छाटणी. पुढचं टोक लांब आणि टाच खाली राहिली तर पायाच्या मागच्या कंडरांवर ताण येतो, आणि धावणारा घोडा तिथेच जायबंदी होतो. तळवा सुरीने पातळ कोरायचा नाही, तो दगडापासून आतल्या हाडाचं रक्षण करतो. नाल खुराच्या मापाला वाकवायची. नालेत बसावा म्हणून खूर कानशीने घासणं ही आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक आहे, आणि तिने भिंत कमकुवत होऊन पुढच्या वेळी खिळे धरत नाहीत.

खरी कसोटी खिळ्याची. टोकाला ज्या बाजूने उतार असतो ती बाजू आत ठेवायची, तरच खिळा बाहेर वळतो. खुराच्या तळाशी भिंत आणि तळवा जुळतात तिथे पांढरी रेघ असते; खिळा तिच्या बाहेरूनच गेला पाहिजे आणि नालेच्या वर सुमारे २ सेंटिमीटरवर निघाला पाहिजे. फार खाली निघाला तर नाल सैल पडते. रेघेच्या आत गेला तर जिवंत भागात घुसतो. हातोडीच्या आवाजाकडे कान ठेवा: टणक आवाज अचानक मऊ झाला किंवा घोड्याने पाय झटकला तर खिळा लगेच काढायचा, भोकात आयोडिन सोडायचं, तिथे दुसरा ठोकायचा नाही आणि डॉक्टरांना कळवायचं. नुसता जवळून गेलेला खिळा जास्त फसवतो. घोडा दोन-तीन दिवसांनी लंगडतो, खूर गरम लागतो, आणि तोवर नालबंद घरी गेलेला असतो.

दुसरं कारण पैशाचं. रेसच्या पैजेच्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागला, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. बक्षिसांचा पैसा बराचसा पैजांतूनच येतो, त्यामुळे केवळ रेसवर विसंबणाऱ्या माणसाची मला काळजी वाटते. नालबंदाला मात्र रायडिंग स्कूल आहेत, लग्नाच्या घोड्या आहेत, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकत घेणारे हौशी आहेत. माथेरानला तर मोटारींना बंदी असल्याने माणसं आणि सामान घोड्यावरूनही चढतं.

स्टड फार्मवर नोकरी मिळाली तर घ्या, शिकायला त्यासारखी जागा नाही. घोडी साधारण ११ महिने गाभण राहते आणि बहुतेकदा रात्रीच विते, म्हणजे जागरण ठरलेलं. शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायलं पाहिजे, आणि वार (गर्भाची पिशवी) तीन तासांत पडली पाहिजे. वार अडकली तर पहाट होण्याची वाट न बघता डॉक्टरांना बोलवायचं.

सुरुवात मात्र मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची रोजची निगा राखणाऱ्याच्या, हाताखाली करा, निदान तीन महिने. पहाटे तबेल्यात हजर राहा, लीद काढा, खरारा करा, चारही पाय रोज उचलून साफ करा. ४५० किलोचं जनावर तुमच्या मांडीवर पाय टाकून शांत उभं राहायला लागलं की नालबंदीचा निम्मा धडा झाला. चंदी-चारा बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदलायचा. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून खाण्यातली घाई थेट पोटशुळावर जाते. पुण्याचा रेस मोसम पावसाळ्यात असतो, तेव्हा तबेल्यांत हात जास्त लागतात. एखाद्या जुन्या नालबंदाकडे उमेदवारी मागा आणि पहिले काही महिने फक्त छाटणी करा, खिळा नको.

जाण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि पुढे पोलादी टोपी असलेले बूट विकत घ्या. कंबर आधीच दुखत असेल तर हे काम धरू नका, कारण दिवसभर वाकूनच उभं राहायचं आहे.