‘पातळी वाढते’, पण कुठली?

जतहून प्रश्न आला आहे. विचारणाऱ्या ताई पशुपालकांसाठी लेख लिहीत आहेत. त्यांचं वाक्य असं: ‘मेंदूवर आघात झाल्यास प्राण्यांमध्ये चेतापारेषकांची पातळी वाढते.’ (चेतापारेषक म्हणजे एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे पोचवणारं रसायन.) इथे ‘पातळी’ चालेल की ‘प्रमाण’ हवं?

ताई, दोन्ही चालतील, पण आधी ठिकाण सांगा. पावसाळ्यात सांगलीत कुणी ‘पातळी किती झाली?’ विचारलं, तर ती कृष्णेच्या पाण्याची, आयर्विन पुलाजवळची, हे सांगावं लागत नाही. मेंदूच्या बाबतीत वाचकाला ठिकाण ठाऊक नसतं, आणि सगळी गोम तर तिथेच आहे. ग्लुटामेट हे मेंदूतलं मुख्य उत्तेजक चेतापारेषक. एरवी ते जवळपास सगळं पेशींच्या आत असतं, बाहेरच्या द्रवापेक्षा हजारो पटींनी जास्त. प्रयोगातल्या उंदराच्या डोक्याला मार बसला की काही मिनिटांतच बाहेरच्या द्रवातलं ग्लुटामेट चढतं. मेंदूने ते नव्याने तयार केलेलं नसतं. फाटलेल्या पेशींतून ते गळतं, भडकलेल्या चेतापेशी ते सोडत सुटतात आणि एरवी ते शोषून घेणाऱ्या आधारपेशी कमी पडतात. मग शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं, आणि ज्यांना थेट मार लागलाच नव्हता त्याही मरतात. नुसतं ‘पातळी वाढते’ वाचून हे कुणाला कळणार? ‘पेशींबाहेर ग्लुटामेट साचतं’ असं लिहा.

‘चेतापारेषकांची’ हे अनेकवचनही मला खटकतं. सगळी एका सुरात वाढत नाहीत. उंदरांत अॅसिटिलकोलीन या दुसऱ्या चेतापारेषकाचं काम मार लागल्यावर लगेच वाढलेलं दिसतं, पुढे बराच काळ मंदावतं. म्हणून रसायनाचं नाव घ्या आणि केव्हाची गोष्ट तेही सांगा. चेतापारेषक शब्द चांगला आहे, तो ठेवा. मात्र पारेषण म्हटलं की आपल्याकडे विजेच्या तारा आठवतात, म्हणून पहिल्यांदा ‘चेतापारेषक रसायनं’ असं लिहा. चेतेचा निरोप रसायन पोचवतं, हे शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 साली बेडकाच्या हृदयावर दाखवलं होतं.

‘आघात’ मात्र काढाच. पक्षाघातामुळे तो शब्द रक्तपुरवठा तुटण्याकडे ओढला जातो. तिथेही ग्लुटामेट साचतं, पण कारण वेगळं. ‘मेंदूला मार’ हा तुमच्या वाचकांच्या तोंडचा शब्द आहे. शिवाय कवटी न फुटता आत इजा झाली, तर ‘मुका मार’ इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना दुसरा कशाला शोधायचा?

मी वाक्य असं करीन: ‘उंदराच्या मेंदूला मार लागला की काही मिनिटांतच ग्लुटामेट पेशींबाहेर साचू लागतं.’ मेंढ्या-शेळ्यांबद्दल लिहायचं असेल, तर हा प्रयोग उंदरांवरचा आहे, हे त्याच परिच्छेदात येऊ द्या.