काउंट कमी आलाय? आधी रक्तातलं शिसं तपासा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३१, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं भट्टीवर, लग्नाला तीन वर्षं झाली, बायकोचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तुमचा काउंट (वीर्यातल्या शुक्रजंतूंची संख्या) ९ मिलियन. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात आणि मामांनी नागभस्म आणून दिलंय, ते घेऊ का?

नागभस्म घेऊ नका, सुरू केलं असेल तर आजच थांबवा. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात नाग म्हणजे शिसंच. दिवसभर भट्टीपाशी जे नाकातोंडात जातंय तेच रात्री मधात कालवून कशाला घ्यायचं? मामांशी भांडू नका, त्यांनी मायेनंच आणलंय. पुडी मात्र फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला लागेल.

मी बॅटरीच्या कारखान्यात सेफ्टीत बावीस वर्षं काढली. वीर्यतपासणीचा कागद खिशात घेऊन फिरणारी पोरं बरीच पाहिली. त्यातल्या बहुतेकांना ‘काम काय करतोस?’ एवढं साधं कुणी विचारलेलं नसायचं. त्याआधी दोन-दोन वर्षं बायकोच्याच तपासण्या चाललेल्या असायच्या.

शिसं आणि शुक्रजंतू यांचा संबंध काही नवा नाही. १९७५ साली रुमानियातल्या बॅटरी कामगारांवरचा अभ्यास छापून आला. ज्यांच्या अंगात शिसं जास्त, त्यांच्यात शुक्रजंतू कमी, मंद आणि वेडेवाकडे असल्याचं त्यात दिसलं. पुढे २००२ मध्ये ब्रिटन, इटली आणि बेल्जियममधल्या कामगारांचा अभ्यास आला. रक्तातलं शिसं डेसिलिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्यांत शुक्रजंतूंची घनता जवळपास निम्मी निघाली. साधारण ४०-४५ च्या वर त्रास दिसू लागतो. त्याखाली पुरावा तितका पक्का नाही. अमेरिकेचा १९७८ चा कामगार-नियम मात्र मूल हवं असणाऱ्या पुरुषांनाही ३० च्या खाली राहायला सांगतो.

होतं काय, तर शुक्रजंतूच्या डोक्यात डीएनए घट्ट गुंडाळून ठेवायला जस्त लागतं आणि शिसं त्या जस्ताची जागा बळकावतं. शिवाय मेंदूकडून वृषणाकडे जाणारा हार्मोनचा निरोपही बिघडतो. कॅडमियम हा दुसरा विषारी धातू तर वृषणाचं संरक्षक आवरणच फोडतो. त्यानं वृषणाची हानी होते हे प्रयोगशाळेतल्या उंदरांत १९५०च्या दशकातच दिसलं होतं.

आता तंबाखू. तुम्ही लिहिलं नाहीत, पण भट्टीवरची निम्मी माणसं मळतात, म्हणून विचारतो. शिशाची धूळ बसलेल्या तळहातावर तंबाखू मळून ओठात धरली की शिसं थेट पोटात. सिगारेट ओढत असाल तर धुरातून कॅडमियमही येतं, आणि ते मूत्रपिंडात दहा-वीस वर्षं ठाण मांडतं. मी तर म्हणेन, मास्कपेक्षा आधी हात आणि तंबाखू सांभाळा. जेवणाआधी नखांपर्यंत हात घासा, कामाचे कपडे घरी नेऊ नका.

तपासणीला ‘ब्लड लेड’ हेच नाव सांगा. ती पूर्ण रक्तावर होते, सीरमवर (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ द्रवावर) नाही. रक्त देण्याआधी आंघोळ करून जा, नाहीतर कातडीवरची धूळ सुईबरोबर नमुन्यात जाते. केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नका. आणि ‘अंगातली विषं काढतो’ म्हणून सलाईन लावणाऱ्यांपासून लांब राहा. शिसं काढायची खरी औषधं आहेत, पण आकडा आणि लक्षणं पाहून ती डॉक्टरांनीच द्यायची. औषध चालू आणि भट्टीही चालू, हे तर मुळीच नको.

सगळं शिशावर ढकलू नका, हेही सांगतो. व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा) आहे का ते डॉक्टरांनी हातानं तपासायला हवं, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन हे हार्मोनही पाहायला हवेत. भट्टीची धग वेगळीच. वृषणाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश गारवा लागतो, म्हणूनच ते बाहेर असतं.

आकडा जास्त आला तर डॉक्टरांकडून लेखी घेऊन भट्टीवरून दुसरं काम मागा. शिसेबाधा हा नोंदवणं बंधनकारक असलेला व्यवसायजन्य आजार आहे, त्यामुळे तुम्ही काही मेहेरबानी मागत नाही आहात. साहेब कुरकुर करतील. करू द्या.

नवा शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर बाहेर यायला दोनेक आठवडे. म्हणजे भट्टी सोडल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा वीर्यतपासणी करून हिरमुसू नका. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर यायला लागतं, पण हाडांत साठलेलं वर्षानुवर्षं थोडंथोडं सुटत राहतं. शिसं उतरल्यावर काउंट सुधारलेली माणसं मी पाहिलीत, न सुधारलेलीही पाहिलीत.

रिपोर्ट आला की आकड्यापुढचं युनिट नीट वाचून इथे टाका. काही लॅब लिटरमागे लिहितात. तिथलं ४५० म्हणजे आपलं ४५.