रेनमध्ये फ्रेंच कुटुंबाकडे दोन महिने राहायचं असेल तर

जुलै-ऑगस्ट फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या रेन शहरात एका फ्रेंच कुटुंबाकडे काढायचे, फ्रेंच बी१पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत झालंय, कुटुंब ओळखीतून मिळालंय, तू शाकाहारी आहेस आणि घरचे मात्र धास्तावलेत, असं तू लिहिलंयस. लग्न झाल्यापासून मी याच शहरात आहे आणि आमच्याकडेही उन्हाळ्यात अशी मुलं राहून गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जरूर ये. फक्त होकार कळवण्याआधी विचारून घे की ऑगस्टमध्ये ते घरी असणार आहेत का. त्या महिन्यात इथली बरीच घरं कुलूपबंद असतात, नाक्यावरची बेकरीसुद्धा दोन-तीन आठवडे बंद. ते समुद्रावर किंवा आजी-आजोबांच्या गावी जाताना तुला सोबत नेणार असतील तर उत्तमच. घरात दहा माणसं आणि दिवसभर कानावर फ्रेंच. पण तुझ्या हातात किल्ली देऊन जाणार असतील तर सरळ जुलैपुरतीच ये.

दुसरं विचार, रात्रीचं जेवण सगळे एकत्र घेतात का. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तुझी जीभ सुटेल ती त्या टेबलावर. जुलैच्या सुरुवातीला इथे सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास, त्यामुळे आठला बागेत टेबल मांडतात तेव्हा चांगलं ऊन असतं. आधी एखादं सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग चीज, मग गोड. एकामागून एक येतं, एकदम वाढत नाहीत. पाव ताटाशेजारी थेट टेबलावर ठेवतात. जेवण संपलं तरी कुणी उठत नाही, गप्पा चालूच. सुरुवातीला तुला निम्मंही कळणार नाही, कारण सगळे एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात. तरी बसून राहा. कंटाळून खोलीत जाणारी मुलं मी पाहिली आहेत. परत जातानाही ती तितकीच बुजलेली असतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. फोन टेबलावर आणू नकोस. इथले आठ म्हणजे आपल्याकडचे साडेअकरा, तेव्हा आईशी दुपारीच बोलून घेत जा.

खाण्याचं म्हणशील तर नुसतं ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही. अनेकांच्या लेखी मासे मांसात धरत नाहीत. कीशमध्ये, म्हणजे अंडं-सायीच्या खाऱ्या पायमध्ये, बरेचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, गोड पदार्थांत जिलेटिन निघतं. काय चालत नाही आणि अंडं चालतं का, हे आधीच लिहून कळव. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं विरजण असतं. ते चालवून घ्यायचं की नाही, तूच ठरव. ब्रिटनीची गालेत मात्र खाच. कुट्टूच्या पिठाची, आपल्या घावनासारखी पातळ. नेहमीच्या ‘कोंप्लेत’मध्ये हॅम असतं, ते वगळायला सांग. एखाद्या संध्याकाळी आज मी रांधते म्हण, पिठलं-भात कर, मिरची बेताची घाल. फोडणी टाकायच्या आधी खिडकी उघडायला विसरू नकोस.

घरात बहुधा एसी नसेल. कडक उन्हात दिवसा खिडक्यांबाहेरची झडपं लावून घर गार ठेवतात, ती उघडत बसू नकोस. संडासात जेट नसतो, एक छोटा मग आण. दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हटल्याशिवाय काही मागू नकोस. रेनहून समुद्रकाठचं सां-मालो ट्रेनने तासाभरावर आहे, जाऊन ये. पण तिथे मोठ्या भरतीला पाण्याची चढ-उतार बारा-तेरा मीटरपर्यंत जाते, मुंबईच्या दुपटीहून जास्त. ओहोटीत समोरच्या बेटांवर चालत जाता येतं आणि वेळेचं भान सुटलं तर माणसं तिथेच अडकतात. वेळापत्रक पाहूनच वाळूत उतर.

आता कागदपत्रं. ओळखीच्या घरी उतरणार असशील तर यजमानांना स्वतः नगरपालिकेत जाऊन ‘आतेस्तासियाँ दाकय’ हे निमंत्रणाचं प्रमाणपत्र काढावं लागतं, त्याला मुद्रांक लागतो. मूळ प्रत कुरिअरने मागव. अपॉइंटमेंट लवकर मिळेलच असं नाही, तेव्हा त्यांना मार्च-एप्रिलमध्येच विनंती कर. शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मुक्काम १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. ‘मुलं सांभाळ, हातखर्चाला पैसे देऊ’ असं त्यांनी सुचवलं तर नम्रपणे नकार दे. ते ओ पेअरचं काम झालं, त्याचा व्हिसा वेगळा असतो आणि पाहुणी म्हणून आलेल्या मुलीला ते चालत नाही.

भेट म्हणून पेढे, तूप, आंबे आणू नकोस. दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. वारली चित्र किंवा हिमरू शाल बॅगेतही मावते आणि लोकांना मनापासून आवडते. स्वतःसाठी गोडा मसाला आणि आमसुलं आण.

आई-बाबांची काळजी समजू शकते. निघण्याआधी दोन्ही घरांची एकदा व्हिडिओवर भेट घालून दे, मध्ये दुभाषी तू. रविवारी इथल्या अकराला, म्हणजे तुमच्या दुपारी अडीचला लाव. त्यानंतर ही मंडळी जेवायला बसली की दोन तास तरी कुणी फोन उचलत नाही.