बेरीची फळं पक्ष्यांपासून वाचवायला बागेत लाकडी घरटी लावून उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरच्या बागेत स्ट्रॉबेरी, रास्पबेरी आणि ब्लूबेरी आहेत, फळं रंगायला लागली की पक्षी फस्त करतात. कुणीतरी सांगितलं की बागेत लाकडी घरटी, म्हणजे भोक पाडलेल्या पेट्या, टांगा, त्यात राहायला आलेली जोडी बाकीच्या पक्ष्यांना फिरकू देत नाही. हे खरं का, आणि लावायची तर कशी?

पिकलेल्या फळांना राखणदार मिळेल या आशेने लावणार असाल तर निराशा पदरी येईल. पिकलेल्या फळाला जाळीच लागते. तरीही घरटी लावा असं मी आवर्जून सांगेन, कारण ती पानं, कळ्या आणि कोवळी फळं अळ्यांपासून वाचवतात, आणि ते कामही मोठं आहे. ही दोन कामं वेगळी आहेत हे कळायला माझे दोन हंगाम गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राखणदारीची कल्पना कुठून आली असेल ते समजतं. विणीच्या दिवसांत पक्षी आपली हद्द धरून असतात आणि तिच्यासाठी कडाकडा भांडतात. पण भांडण बहुतेक वेळा आपल्याच जातीच्या दुसऱ्या जोडीशी असतं, नाहीतर त्याच ढोलीवर डोळा ठेवून असलेल्या पक्ष्याशी. बुलबुल ढोलीत राहत नाही, झुडपात वाटीसारखं उघडं घरटं विणतो. मग पेटीतली चिमुकली वल्गुली (टिट कुळातला किडेखाऊ पक्षी) त्याच्या मागे कशाला लागेल? तो तिच्यासमोर रास्पबेरीच्या फांदीवर बसून खुशाल खातो, मी रोज बघतो. उत्तर अमेरिकेतला हाऊस रेन हा पक्षी फार भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे. शेजारच्या घरट्यात शिरून दुसऱ्याची अंडी फोडायलाही तो कमी करत नाही. पण त्यामुळे मोठे पक्षी फळं खायचे थांबत नाहीत, फक्त शेजारच्या जोडीची वीण वाया जाते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. बेरी खाणारे बरेचसे पक्षी, म्हणजे बुलबुल, थ्रश, अमेरिकन रॉबिन, हे पेटीत घरटं करतच नाहीत. त्यामुळे पेटी लावली म्हणून त्यांची संख्या वाढेल ही भीती नको. अपवाद आहे साळुंकी आणि स्टार्लिंग यांच्या कुळाचा. हे ढोलीत राहतात, किडेही खातात आणि फळंही. माझी पहिली चूक नेमकी इथे झाली.

पहिली पेटी मी तयार आणली होती. तिचं भोक चांगलं पाच सेंटिमीटरचं. पंधरा दिवसांत साळुंकीची जोडी राहायला आली आणि मला कोण आनंद झाला! सुरुवातीला चोचीत नाकतोडे, अळ्या, गांडुळं असं काय काय यायचं. मग रास्पबेरी रंगायला लागली. एका सकाळी खिडकीतून बघतो तर चोचीत लालभडक काहीतरी. रांगेपासून पेटीपर्यंत जेमतेम दहा पावलं, त्यामुळे त्यांची फारच सोय झाली होती. पिल्लं उडून गेल्यावर मी पेटी उतरवून झाकण काढलं. आत वाळलेलं गवत, सुतळीचे तुकडे, सापाच्या कातीचा एक तुकडा, आणि तळाला सुकलेल्या विष्ठेत चिकटलेल्या रास्पबेरीच्या बिया. चिमटीत धरून चुरडल्या तर वाळूसारख्या कडक, आणि बोटांना जांभळट डाग. माझ्या फळांचा हिशोब तिथे लिहिलेला होता.

तेव्हा सगळ्यात आधी भोकाचं माप बघा. पेटीत कोण राहणार हे ते भोकच ठरवतं. टिट कुळातल्या सगळ्यात लहान पक्ष्यांना २५ मिलिमीटर पुरतं, ग्रेट टिटएवढ्या पक्ष्याला २८, चिमणीला ३२. स्टार्लिंगला साधारण ४५ मिलिमीटर लागतं आणि ३८ च्या भोकातून तो आत शिरू शकत नाही. बेरीच्या बागेसाठी मी २८ च्या पुढे जाणार नाही. ३२ केलं की बहुतेक ठिकाणी चिमण्या येतात. चिमण्या मला प्रिय आहेत, पिल्लांना त्याही अळ्या भरवतात, पण मोठ्या चिमण्या कोवळे कोंब आणि कळ्या टोचतात, म्हणून त्यांची पेटी मी घराच्या दुसऱ्या बाजूला लावली आहे.

आता मुख्य फायद्याकडे येतो. लहान भोकाची पेटी लावल्यावर दुसऱ्या वर्षी माझ्याकडे वल्गुलीची जोडी आली. पिल्लं साधारण आठवड्याची असताना मी एक सकाळ त्यांच्यासाठी मोकळी ठेवली आणि वहीत रेघा मारत बसलो. एका तासात दोघांच्या मिळून सव्वीस फेऱ्या झाल्या. जवळजवळ प्रत्येक वेळी चोचीतून हिरवी अळी लोंबत होती. कधी अळी मोठी असली तर फांदीवर आपटून, मऊ करून मग आत नेत होते. काही फेऱ्या तर थेट माझ्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातून होत्या. पान गुंडाळून आत बसणारी अळी मला शोधून सापडत नाही. वल्गुली मात्र पानाची गुंडाळी चोचीने उकलून ती काढत होती. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी चिकडी या टिटच्याच कुळातल्या पक्ष्याबद्दल जो आकडा दिला आहे तो मला तेव्हा पटला: एका विणीची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात.

याला नीट केलेल्या अभ्यासांचाही आधार आहे. नेदरलँड्समध्ये मोल्स आणि व्हिसर या संशोधकांनी सफरचंदाच्या बागांत ग्रेट टिटसाठी पेट्या लावून बघितलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जिथे हे पक्षी चरत होते तिथे अळ्यांनी केलेलं नुकसान कमी भरलं आणि झाडामागे उत्पन्न ४.७ किलोवरून ७.८ किलोवर गेलं. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांत ब्लूबर्डसाठी पेट्या लावल्या तेव्हा मुद्दाम ठेवलेल्या अळ्या पेट्यांच्या भागात जवळजवळ अडीचपट जास्त खाल्ल्या गेल्या. सफरचंद आणि द्राक्ष म्हणजे बेरीचा वाफा नव्हे, हे मान्य. पण अळी खाणाऱ्या पक्ष्याला झाड कुठलं याच्याशी फारसं कर्तव्य नसतं. ब्लूबर्डबद्दल मात्र एक सावधगिरी: तो वर्षाच्या काही भागात बेरीही आवडीने खातो.

सगळ्या किडींवर हा उपाय चालणार नाही. गोगलगायींचा बंदोबस्त हे पक्षी करत नाहीत. पिकत्या फळात अंडी घालणारी ड्रोसोफिला सुझुकी नावाची माशी २००८ पासून अमेरिका आणि युरोपात बेरी पिकवणाऱ्यांच्या डोक्याला ताप झाली आहे. तिची अळी फळाच्या आतच वाढते, तिथे पक्ष्याची चोच पोचून काय उपयोग! तिच्यासाठी अगदी बारीक, मिलिमीटरभर छिद्रांची जाळी आणि फळ पिकताच तोडणं हेच मार्ग आहेत.

पेटी करताना लाकूड निदान १५ मिलिमीटर जाड घ्या, म्हणजे आत फार तापत नाही आणि गारठतही नाही. आतून रंग, पॉलिश काही नको. भोकाची खालची कड पेटीच्या तळापासून १२ सेंटिमीटर तरी वर हवी, नाहीतर मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोचतो. भोकाखाली दांडी लावू नका. दुकानातल्या पेट्यांना ती शोभेसाठी असते, पण या पक्ष्यांना तिची गरज नसते, ती उपयोगी पडते शिकाऱ्याला. तळाला पाणी निथळायला तीन-चार बारीक छिद्रं आणि साफसफाईसाठी उघडणारं झाकण एवढं असलं की झालं. भोकाभोवती धातूची पट्टी ठोकली तर खारी आणि सुतारपक्षी ते मोठं करू शकत नाहीत.

पेटी दीड ते तीन मीटर उंचीवर, दुपारचं ऊन आणि पावसाची झड थेट भोकात येणार नाही अशा तोंडाने लावा. बेरीच्या रांगेच्या अगदी डोक्यावर नको, आपण फळं तोडायला दिवसातून दोनदा जातो आणि पक्षी बुजतात. दहा-पंधरा पावलं दूर, मधे एखादं झुडूप, अशी जागा मला सगळ्यात चांगली वाटते. शक्य असेल तर झाडाऐवजी गुळगुळीत धातूच्या खांबावर लावा आणि खांबाला उलट्या नरसाळ्यासारखा पत्रा बसवा. साप आणि मांजर दोघांनाही वर चढणं अवघड जातं. लहान बागेत एकाच मापाच्या पाच-सहा पेट्या लावण्यात अर्थ नाही. हद्दीचं भांडण आपल्याच जातीशी असतं म्हटलं ना, त्यामुळे बहुतेक रिकाम्याच राहतील. एक किंवा दोन पुरे.

पेटी लावल्यावर कीटकनाशक फवारणं बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. विष लागलेली अळी सावकाश होते, सहज सापडते, आणि सर्वांत आधी पिल्लाच्या चोचीत जाते.

आता जाळी. पिकलेली फळं तीच वाचवणार, पण कशी लावता यावर पक्ष्याचा जीव अवलंबून असतो. मोठ्या छिद्रांची, मासे पकडायच्या जाळीसारखी पातळ नायलॉनची जाळी मी एकदा नुसतीच रोपांवर पसरली होती. सकाळी पाहिलं तर एक बुलबुल तिच्यात पाय आणि पंख गुंतवून लटकलेला. एका हातात त्याला धरून दुसऱ्या हाताने कात्रीने एकेक धागा कापायला वीस मिनिटं लागली. त्याचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं. उडाला, पण एक पाय ओढत. त्या दिवशी ती जाळी कापून टाकली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांवरच्या जाळीचं छिद्र ताणल्यावरही ५ मिलिमीटरपेक्षा मोठं असू नये असा नियमच आहे. तपासायची सोपी रीत म्हणजे छिद्रात बोट घालून बघा, बोट आत गेलं तर ती जाळी घेऊ नका. पांढरी जाळी पक्ष्यांना लांबून दिसते. रोपांभोवती सांगाडा उभा करून त्याच्यावर ती ताणून बसवा, नाहीतर पक्षी वर बसून जाळीतूनच फळं टोचतात. कडा जमिनीला दगड किंवा खुंट्यांनी पक्क्या करा. आणि फुलं असताना जाळी टाकू नका, मधमाश्या आत जाऊ शकत नाहीत. फळ धरल्यानंतर, रंग यायच्या आधी टाका आणि तोडणी संपताच काढा, म्हणजे वल्गुलीला पुन्हा वाफ्यात जाता येईल.

चमकत्या पट्ट्या आणि प्लास्टिकच्या घुबडाबद्दल फार लिहीत नाही. काही दिवस पक्षी दबकतात, मग त्यांच्या शेजारी बसूनच खातात.

पेटी लावून फळखाऊ पक्षी खरोखर कमी होतात असं एक उदाहरण आहे, आणि कदाचित तुम्हाला सांगणाऱ्याने तेच कुठेतरी ऐकलं असेल. अमेरिकेत मिशिगनमधल्या गोड चेरीच्या बागांत केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्यासाठी पेट्या लावल्या गेल्या. तो जिथे राहायला आला तिथे फळं खाणारे पक्षी कमी दिसले, असं संशोधकांना आढळलं. तिथे राखणदारी खरी आहे, कारण तो लहान पक्ष्यांची शिकार करतो आणि ते त्याला घाबरतात. पण त्याला साडेसात सेंटिमीटरचं भोक, उंच खांब आणि आजूबाजूला मोकळं रान लागतं. घराच्या चार भिंतींलगतच्या बागेत तो सहसा येत नाही, आणि आला तर तुमच्या वल्गुलीलाही उचलेल.

फळं आत्ताच पिकायला आली असतील तर या हंगामात फक्त जाळीचं बघा. पेटी विणीचा काळ सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी लागलेली बरी, पक्षी जागा आधीच हेरून ठेवतात. पिल्लं उडून गेली आणि घरटं पूर्ण रिकामं झालं याची खात्री पटली की जुनं गवत काढा, आतून उकळतं पाणी ओता, वाळवा आणि परत लावा. उवा-गोचिड्या मारायला औषध वापरू नका. पहिल्या वर्षी कुणी आलं नाही तरी पेटी हलवू नका. माझ्याकडे वल्गुलीची जोडी यायला पूर्ण एक हंगाम जावा लागला होता. दोन हंगाम वाट बघा, मगच दुसरी जागा शोधा.