तेन्शुदाई : पाया, चौथरा की जोते?

प्रश्न असा आला आहे : जपानमधल्या ताकेदा किल्ल्याच्या अवशेषांवर मराठीत लिहिताना ‘तेन्शुदाई’ला, म्हणजे मुख्य इमारतीखालच्या दगडी बैठकीला, पाया म्हणावं की चौथरा? आणि ‘पडका किल्ला’ चालेल का?

मी दोन्हींऐवजी ‘जोते’ म्हणेन. पाया जमिनीखाली गेलेला, तो दिसत नाही. चौथरा एकटाही पुरा असतो, समाधीचा असतो तसा. जोत्यावर मात्र घर असतं, निदान कधीकाळी होतं. गडावर गवतातली चौकोनी दगडी रांग दाखवत कुणी ‘हे वाड्याचं जोतं’ म्हणतं, तेव्हा नसलेला वाडाही त्या शब्दात उभा राहतो. तेन्शु ही किल्ल्यातली मुख्य बहुमजली इमारत, दाई म्हणजे तिची बैठक. ताकेदाला इमारत गेली, बैठक राहिली. (तेन्शुला ‘बालेकिल्ला’ मात्र म्हणू नका. बालेकिल्ला हे सगळ्यात आतलं आवार, जपानीत होन्मारु.)

‘पडका’ मला खटकतो. सेकिगाहाराच्या १६०० मधल्या लढाईनंतर शेवटचा धनी आकामात्सु हिरोहिदे याला सेप्पुकू (पोट चिरून घेण्याची सामुराई आत्महत्या) करावं लागलं आणि किल्ला ओस पडला. पण ह्योगो प्रांतातल्या असागोत, ३५३ मीटर उंच डोंगरमाथ्यावर त्याचे दगडी तट आजही उभे आहेत. न घडवलेले दगड, चुना नाही. मागे लहान दगडांची भर, म्हणजे पावसाचं पाणी निथळून जातं. जपानी शब्द ‘इशिगाकी’, शब्दशः दगडी कुंपण. कोकणातला गडगा आठवतो, फक्त हा कितीतरी थोर. म्हणून ‘ओसाड किल्ला’ किंवा ‘किल्ल्याचे अवशेष’ लिहा. ‘खंडहर’ हिंदीतून आलाय, तो नकोच.

जपानी लोक अशा जागेला ‘शिरोअतो’ म्हणतात. शिरो म्हणजे किल्ला; अतो म्हणजे खूण, मुळात पावलाची. इथे हा अर्थ फार जवळून भिडतो. १९४३ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, पण शरदातल्या पहाटे धुक्यावर तरंगणाऱ्या तटांचे फोटो पसरले आणि २०१३-१४ च्या सुमारास वर्षाला पाच लाखांवर माणसं आली. पावलांनी माती झिजली, खालची जुनी कौलं उघडी पडली. मग वाटा आखून त्यांवर चटया अंथरल्या.

उच्चारात ‘जोतं’, लेखी ‘जोते’, सामान्यरूप ‘जोत्या-’. तुमचं वाक्य असं होईल : ‘तेन्शुच्या जोत्यावर आता फक्त आभाळ आहे.’