विचारा, सर्व्हरवाल्याला!

प्रश्न: नमस्कार सर, माझी वर्डप्रेसची साइट अपाची या वेब सर्व्हरवर मस्त चालत होती, नवीन सर्व्हरवर एन्जिनएक्स (दुसरा वेब सर्व्हर) टाकलं तर आता होमपेज दिसतं पण कुठल्याही पोस्टवर क्लिक केलं की ४०४ (पान सापडत नाही) येतो. अपाचीचे फोल्डरवारी नियम असलेली एचटीअ‍ॅक्सेस फाइल जशीच्या तशी कॉपी केलीय, परमिशनपण बघितल्या. दोन दिवस डोकं फोडतोय.

उत्तर: अहो, एन्जिनएक्स ती एचटीअ‍ॅक्सेस फाइल वाचतच नाही! अपाचीला परवानगी दिलेली असली तर तो प्रत्येक रिक्वेस्टला एकेक फोल्डर चाळत ती फाइल शोधतो, एन्जिनएक्स त्या भानगडीत पडत नाही, त्याला जे सांगायचं ते मेन कॉन्फिगमध्येच सांगायचं. तुमच्या पोस्टची लिंक फोल्डरसारखी दिसते पण डिस्कवर तसं फोल्डर कुठेच नाही, मग तो बिचारा ४०४ देणार नाहीतर काय करणार. कॉन्फिगमधल्या लोकेशन ब्लॉकमध्ये (कोणत्या पत्त्यावर काय करायचं ते सांगणारा भाग) ट्राय फाइल्सची ओळ टाका: आधी त्या नावाची फाइल बघ, नसेल तर त्या नावाचं फोल्डर बघ, तेही नसेल तर इंडेक्स डॉट पीएचपीकडे दे. शेवटी प्रश्नचिन्ह आणि डॉलर आर्ग्स लावायला विसरू नका, नाहीतर लिंकमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढे जे काही असतं ते पीएचपीपर्यंत पोचतच नाही.

पण मला काळजी ४०४ ची नाहीये, तो निदान दिसतो तरी. त्या एचटीअ‍ॅक्सेसमध्ये तुम्ही किंवा एखाद्या प्लगिनने जे अडवून ठेवलं होतं, म्हणजे अपलोड्समध्ये पीएचपी चालू नये, बॅकअपचं फोल्डर कोणाला उघडता येऊ नये वगैरे, ते सगळं आता उघडं पडलंय आणि त्याची एरर कुठेच येत नाही. वर ती एचटीअ‍ॅक्सेस फाइलसुद्धा कोणीही ब्राउझरमध्ये वाचू शकतो, कारण टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली एन्जिनएक्स आपणहून लपवत नाही. त्यामुळे डॉट-एन्व्ह (पासवर्ड वगैरे असलेली फाइल), डॉट-गिट (कोडचा इतिहास असलेलं फोल्डर), सगळ्याला डिनाय लावा, म्हणजे बाहेरून उघडूच देऊ नका. फक्त वेल-नोन नावाचं फोल्डर सोडा, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट रिन्यू करताना ते लागतं. हे आजच करा, ४०४ उद्या केला तरी चालेल.

प्रश्न: एकाच सर्व्हरवर दोन डोमेन आहेत. दुसरं डोमेन टाकलं की पहिलीच साइट उघडते, ती पण सर्टिफिकेटची वॉर्निंग देऊन. कॉन्फिगमध्ये सर्व्हर नेम तर बरोबर आहे.

उत्तर: दुसऱ्या साइटचा ब्लॉक फक्त ८० पोर्टवर (साधं एचटीटीपी) ऐकतोय का बघा, बहुतेक तेच असणार. ४४३ वर (एचटीटीपीएस) त्या नावाचा ब्लॉक सापडला नाही की एन्जिनएक्स रिक्वेस्ट परत पाठवत नाही, त्या पोर्टचा जो डीफॉल्ट असेल त्याच्या गळ्यात मारतो, आणि डीफॉल्ट ठरवलेला नसेल तर कॉन्फिगमध्ये जो पहिला येतो तो. एन्जिनएक्सपुढे डॅश आणि कॅपिटल टी लावून कमांड चालवा, सगळं कॉन्फिग एकत्र छापून येतं. तुम्ही एडिट करताय ती फाइल मुळात लोड होतेय का तेही तिथेच कळेल (सिंबॉलिक लिंक, म्हणजे त्या फाइलीकडे नेणारा शॉर्टकट, राहून गेलेली असते, हसू नका, सगळ्यांचं होतं).

प्रश्न: नोडचं (जावास्क्रिप्टचं) अ‍ॅप एन्जिनएक्सच्या प्रॉक्सीच्या मागे ठेवलंय, म्हणजे रिक्वेस्ट आधी एन्जिनएक्सकडे येते आणि तो ती आत अ‍ॅपला देतो, ब्राउझर म्हणतो टू मेनी रिडायरेक्ट्स.

उत्तर: बाहेरून येणारा एचटीटीपीएसने येतो, पण एन्जिनएक्स आतल्या अ‍ॅपशी साध्या एचटीटीपीनेच बोलतो. अ‍ॅपला वाटतं हा असुरक्षित आला, ते त्याला परत एचटीटीपीएसवर पाठवतं, तो परत तसाच आत येतो, आणि हे चालूच. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (बाहेरचा एचटीटीपीएसने आलाय हे अ‍ॅपला सांगणारी ओळ) पाठवा आणि अ‍ॅपमध्ये प्रॉक्सीवर विश्वास ठेवायचं सेटिंग चालू करा, नुसतं हेडर पाठवून भागत नाही. आणि टेस्टिंग चालू आहे तोवर ३०१ (कायमचा रिडायरेक्ट) ऐवजी ३०२ (तात्पुरता) वापरा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, मी एकदा कॉन्फिग दुरुस्त केल्यावरसुद्धा अख्खी संध्याकाळ चूक शोधत बसलो होतो.

प्रश्न: फोटो अपलोड करताना ४१३ (पाठवलेलं फार मोठं आहे) येतो.

उत्तर: एन्जिनएक्समधली क्लायंट मॅक्स बॉडी साइज वाढवा, ती मुळात १ एमबीच असते. पीएचपी असेल तर त्याची स्वतःची मर्यादा वेगळी, एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या पोस्ट रिक्वेस्टला ८, तीही वाढवा आणि एफपीएम (पीएचपी चालवणारी सर्व्हिस) रीस्टार्ट करा.